निरीक्षक दोन

करमळीच्या तळ्यावर अडया मोजताना
इनास बोट उचलायचा नाही.
डोळे बारीक करून
पन्नासांचा एक तुकडा मनात धरायचा
आणि तोच पाण्यावर मांडत जायचा
रेल्वेच्या बांधापासून पलीकडच्या शेतांपर्यंत.
बाराशे चाळीस, म्हणायचा.
माझ्या दुर्बिणीत, एकेक टिपून, अकराशे नऊ.
‘बुडिल्लीं तुका दिसनात.’

सात हिवाळे हेच भांडण,
मग सायकलला टेकून एका थर्मासचा चहा.

तक्त्यात आता तो ‘निरीक्षक दोन’.
गणित सांगतं :
हा माणूस शेकडा बारा जास्त मोजतो.
वजा केलं तर आलेख सपाट राहतो,
नाही केलं तर यंदा, मी एकटा असताना,
एकदम खाली येतो.
म्हणजे अडया घटल्या
की नुसता इनास?
अहवाल सोमवारी द्यायचाय.

आज ठरलेली वीस मिनिटं सरली,
वही मिटली,
तरी बांधावरून पाय निघेना.
पाणी रिकामं होतं.
मग साळकांच्या पानांमधून
एक तपकिरी डोकं वर आलं,
लगेच त्याच्यामागे दुसरं.

लिहिलं नाही.
वेळ संपली होती.