जुनं दिसलं पाहिजे

ह्या भिंतीवर मी आजवर एकच मजकूर लिहिला होता,
सोलापूर महापालिकेसाठी, लाल ऑइलपेंटात, तीनदा:
येथे कचरा टाकू नये.
टाकायचे.
पाण्याच्या टाकीपुढं रिक्षा येत नव्हत्या.
"तिकडं कुठं, मागात?" म्हणायचे आणि निघून जायचे.
पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला,
आणि चोवीस तास खटक-खटक, खटक-खटक.
वीज गेली की त्या शांततेनं पोरं दचकून उठायची.

आता कोपऱ्यावर नाव लागलंय, लूम लेन.
माग किलोवर गेले. शेड राहिली,
तिला काच बसली, झाडं आली कुंड्यांतून,
आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.

फ्लेक्स आलं तेव्हा मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवले होते.
वीस वर्षांनी हा फोन:
काका, पाटी हातानंच पाहिजे. आणि जुनी दिसली पाहिजे.
जन्मभर नवं दिसावं म्हणून दुसरा हात मारला.
जुनं कसं रंगवतात, कुणी शिकवलं नव्हतं.
पोरगा पुण्याहून परत आलेला, अद्वैत. चांगला आहे.
अ‍ॅडव्हान्स न मागता दिला.

पट्टीनं चुना खरवडत होतो,
दारावर निळं काही निघालं.
नरसव्वाची खानावळ.
रात्रपाळीला कडक भाकरी, शेंगाचटणी, उधारीवर.
पाटीचे पैसे तिनं दिले नाहीत, महिनाभर जेवू घातलं.
वरची ओळ मराठी. खालची तेलुगू मी चित्रासारखी काढलेली,
कॅलेंडरच्या पाठीवर कुणी लिहून दिलेलं बघून.
तिला वाचता येत नव्हतं, फक्त स्वतःचं नाव ओळखायची.
तेवढ्यावर कमरेला हात लावून म्हणाली,
"पेंटर, पहिल्या अक्षराची शेंडी राहिली की ओ."
शिडी परत लावली. शेंडी घातली.

तीच निघाली आधी. बाकीचं अक्षर चुन्यात.

अद्वैतनं फोटो काढला.
"हे असंच राहू द्या, टेक्श्चर भारी आहे."
टेक्श्चर म्हणजे काय, विचारलं नाही.
पट्टी खिशात घातली.

खाली बारीक अक्षरांत स्थापनेचं साल हवं होतं.
"टाका एखादं, तुमच्या काळातलं."
मी म्हटलं, दोन हजार अकरा.
त्या साली पोरांनी तिला भिवंडीला नेलं.
हसला. "इतकं अलीकडचं नको, काका."

एकोणीसशे चौपन्न घातलं.
मी छप्पनचा.
चाराचा एक हात पुसट ठेवला.
तो त्याला फार आवडला.