दगडावर धार पुढे

वस्तरा टेकवायचा तो सपाट.
पाठही दगडाला, धारही दगडाला,
आणि दाबायचं नाही.
"त्याचं वजन त्याला पुरे,
तुझं त्यात मिसळू नकोस,"
असं बाळाराम काशीद, माझे वडील,
पहाटे साडेचारला, नळ चालू असताना,
मोरीच्या कट्ट्याशी उकिडवे बसून सांगायचे.
मला, की दगडाला, ते नक्की नाही.

काळाचौकीची खोली. आई झोपलेली,
म्हणून दिव्याला वर्तमानपत्राचा आडोसा.
धोकटीत तीन दगड.
कुरुंदाचा, खरबरीत, वस्तरा पडलाबिडला तरच निघायचा.
दुसरा हिरवट, वाशिष्ठीच्या पात्रातून आजोबांनी आणलेला,
झिजून मध्ये खोलगट, साबणाच्या वडीसारखा.
आणि तिसरा माझ्या पाटीचा तुकडा.

दुसरीत असताना फुटली. मार बसला.
रात्री त्यांनी तुकड्यावरून अंगठा फिरवला,
पुन्हा फिरवला,
आईला हाक मारून म्हणाले,
"अगं, ही तर साय आहे!"
कडा लादीवर घासून गोल केल्या.
एका बाजूला मी खिळ्याने कोरलेला 'सु' होता,
पातं अडलं असतं त्यात,
म्हणून ती बाजू कायमची खाली.

परळच्या इस्पितळात, ऑपरेशनच्या आदल्या रात्री,
ते पोटं करायचे. डोकी. मांड्या.
गिऱ्हाईक आरसा मागतं, पेशंट मागत नाही.
सिस्टर डिमेलो म्हणायच्या,
"काशीद, तुमच्या हाताखाली माणूस झोपी जातो."
"हात कसला, पोरीची पाटी."

काम झालं हे कानाला कळतं.
आधी खर्र, मग सर्र, मग जवळजवळ काहीच नाही,
आणि पाण्याची जी रेघ इतका वेळ
धारेच्या पुढे पुढे पळत होती
ती वळते, पात्यावर चढते.
मग चामडं.
दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे.
इथे चुकलीस तर सगळी पहाट पाण्यात.

पुढे मीही तिथेच लागले, तळमजल्यावर,
मेणात बसवलेल्या गाठींचे काप काढायला,
पाच मायक्रॉनचे.
तेव्हा सुऱ्यांना हातानेच धार लावावी लागे.
कुठे शिकलात, डॉक्टर अंकलेसरियांनी विचारलं.
म्हटलं, मोरीत.
बाबा वर कातडी करायचे, मी खाली आतलं.
दुपारी डबा एकत्र खायचो,
कोणाचंही नाव न काढता.

मग फेकायची पाती आली, वरही आणि खालीही.
बाबांनी ते निळं प्लास्टिक उलटंपालटं करून पाहिलं:
"याला पाठच नाही."

त्यांच्या स्वतःच्या हर्नियाच्या आदल्या रात्री
वॉर्डातला पोरगा मशीन घेऊन आला.
मी घरून वस्तरा लावून नेला होता;
नियमात बसत नव्हतं,
पिशवी उघडलीच नाही.
बाबा छताकडे बघत पोराला म्हणाले,
"केसाच्या दिशेने, बाळा."

त्यानंतर अकरा वर्षं त्यांची दाढी मी केली.
लागलं कधी तरी बोलले नसतील.

आता घरात दाढी कोणाचीच नाही.
तरी महिन्यातून दोनदा दगड काढते.
तेलाचं बोट फिरवा, फलाटीनमध्ये गुंडाळा,
ही मुंबईची हवा
नुसत्या ठेवलेल्या धारेलाही खाते.
जपून ठेवलेलं टिकतं
असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

परवा खालच्या टिपणीसबाई सुरी घेऊन आल्या.
"एवढे दगड आहेत तर जरा…"
कुरुंदाचा दिला.
त्यांनी पाटीवर बोट ठेवलं. "आणि हा?"
"तो भाजीचा नाही."
जरा रागावल्याच बहुतेक.

त्या गेल्यावर पाटी धुवायला उलटी केली.
'सु'मध्ये राखाडी चिखल बसला होता,
कोणत्या सालचा कोण जाणे.
टाचणीने काढत बसले, नळ जाईपर्यंत.