मडैया

रुमाल क्रमांक एकशे अठरा.
वाळवीने कडा खाल्ल्यात, मधलं सोडलंय.
मोडी वाचणारा मी आता लष्करात शेवटून तिसरा;
उरलेल्या दोघांपैकी एकाला दिसत नाही
आणि दुसरा माझ्याशी बोलत नाही.

संवत एकोणीसशे त्रेचाळीस, परगणा पिछोर.
अर्जदार मुसम्मात कुंजो, जात कुम्हार.
कारकुनाचं अक्षर देखणं,
बोरू न उचलता ओढलेली ओळ:
बाई अर्ज करिते ऐसी जे, जमीनदाराने
आमची मडैया पाडिली,
सबब हुजुरांनी दाद द्यावी.

बाई असं बोललीच नसणार.
ऐसी जे, सबब, हुजूर!
कचेरीच्या पायरीवर उकिडवी बसून
ती बुंदेलीत जे काय ओरडली असेल, शिव्या धरून,
ते त्याने ऐकलं, मान हलवली
आणि आमच्या भाषेत
तिला हात जोडायला लावले.

एकाच शब्दापाशी तो अडलेला दिसतो.
खोपट म्हणावं? झोपडी? घर तर नाहीच.
शाईचा ठिपका पडलाय तिथे, विचाराएवढा.
मग ठेवलाय तसाच,
जात्यातून अख्खा निसटलेला दाणा:
मडैया.

निकाल या रुमालात नाही.

मला हे सोमवारपर्यंत हिंदीत उतरवून द्यायचंय,
छापील नमुन्यात,
'प्रार्थिया का विनम्र निवेदन है कि' पासून पुढे.
भदौरिया मॅडमनी चष्मा वर केला:
मडैया काटिए, कुटीर लिखिए, शासकीय भाषा में जाएगा.
मग दाराकडे बघून, हळूच:
वैसे हमारे यहाँ भी मडैया ही कहते हैं. घर पर.

ते 'घर पर' त्या अशा म्हणाल्या
जसा कुणी तुटक्या चपलेचा पाय
खुर्चीखाली ओढून घेतो.

मला तो पाय ओळखीचा आहे.
पुण्यात मावसभावाच्या जेवणाच्या टेबलावर
मी म्हटलं होतं, 'मी तर येऊनच राहिलो होतो',
आणि त्याची पोरं हसली.
वाईट नाही, लाडाने हसली, पुन्हा म्हणायला लावलं.
तेव्हापासून तिथे मी भाजी छान झालीय एवढंच बोलतो.
मनाई कुणी केली नाही.
मनाई लागतच नाही.

आमचे आजोबा सुभ्याच्या कचेरीत होते.
आपण राज्य केलं इथे, असं म्हणायचे.
राज्य कसलं, महिना अठरा रुपये!
पण जीवाजीगंजात माठ घेऊन येणारा माणूस
आमच्या ओट्याखाली उभा राहून 'नमस्कार' म्हणायचा,
'राम राम' नाही,
आणि ते त्याला कुणी शिकवलं
हे आमच्या घरात कुणाला आठवत नाही.
आठवत नाही, म्हणजे चांगलं रुजलं होतं.

इरावती, माझी मुलगी, दिवसभर फोनवर हिंदीत.
मराठीतला एकच शब्द तिच्याकडे टिकलाय,
कारण त्याला तिकडे जोड सापडली नाही:
पापा, बहुत कंटाळा आ रहा है.
मी हसतो. लाडाने.
तिचा अर्ज पुढे कधी कुणी लिहील
तेव्हा ठिपका पडेल का तिथे,
की तो लिहिणारा
अडणारच नाही?

शनिवारी कचेरी रिकामी. शिपायाने पंखे बंद केलेले.
मी कुटीर टाइप केलं. बरोबर दिसलं.
तेच खटकलं.
खोडलं, मडैया लिहिलं,
आणि संगणकाने लगेच त्याखाली
लाल नागमोडी रेघ ओढली,
चुकलेल्या पोराचा कान धरावा तशी.

रेघ राहू दिली.
खाली तळटीप टाकली, बारीक अक्षरात,
कंसाशिवाय, 'मूळ शब्द'.
सोमवारी मॅडम ती काढतीलही.

कुंजोबाई, एवढंच जमलं.
मलाही पगार आहे,
अठराहून थोडा जास्त.