वडाळ्याहून साओ पाउलो

रात्री हेमलता झोपली की
मी निघतो.
चपला लागत नाहीत. गॅलरीतल्या बाकड्यावर,
चष्मा कपाळावर, फोन नाकाशी,
अंगठ्यानं एकेक पाऊल पुढे ढकलायचं.
चारुताचं शहर.
मी तिथे गेलेलो नाही, बहुधा जाणारही नाही,
गुडघ्याचे डॉक्टर आणि तिकिटाचा आकडा
यांचं त्याबाबत एकमत आहे.

सत्तावीस वर्षं वडाळा डेपो,
आधी कंडक्टर, मग टाइमकीपर.
कुठल्या थांब्यावर कोण उतरणार ते चेहऱ्यावरून सांगायचो.
आणि इथे पहिल्या रात्री
एकाच पुलाखाली चार वेळा आलो.

तिथे अंधार पडत नाही.
कॅमेऱ्याची गाडी दुपारची गेली असणार,
म्हणून सदानकदा दुपार.
माणसांची तोंडं
ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तशी पुसलेली,
कुत्र्यांची मात्र शाबूत.
एक तांबडं कुत्रं मला ओळखतं
असं वाटायला लागलंय.

फुटपाथ काळा-पांढरा, झाडांच्या मुळांनी उचललेला,
आपल्या हिंदू कॉलनीत उचलतात तसाच.
तारांचा गुंता असा की लाइनमनची कीव यावी.
चढ फार. चढावर बस दिसली
की माझा डावा पाय आपोआप रोवला जातो.

पाट्या वाचतो. रुआ म्हणजे रस्ता, एवढं आलं.
बाकी जुळवून.
भाजीवाल्याच्या फळ्यावर खडूनं बटाटा,
आपलाच बटाटा, अक्षरं तेवढी त्यांची.
पुढे पावाचं दुकान, त्याला लागून निळं शटर,
वर 'चावे' असं काहीतरी.
म्हटलं, चावी तर नव्हे?
आणि खरंच, भिंतभर चाव्या टांगलेल्या.
दुसऱ्या दिवशी नायगावच्या कोपऱ्यावर लियाकतला दाखवलं.
त्यानं फोटो मोठा केला, माणसाकडे बघितलंच नाही.
"मशीन माझंच आहे," म्हणाला,
"पण पट्टा सैल झालाय त्याचा."

अकराव्या रात्री सापडलं. चारशे बारा नंबर,
तिसरा मजला, डावी खिडकी.
खिडकीत पिवळा टॉवेल.
हेमलताला उठवणार होतो, तेवढ्यात
कोपऱ्यातली बारीक अक्षरं दिसली.
चारुता गेली त्याच्या दोन वर्षं आधीचा मार्च.
टॉवेल दुसऱ्याच कोणाचा.
तरी उभा राहिलो बराच वेळ,
चुकीच्या दाराची बेल वाजवून
आता काय बोलावं, म्हणून माणूस थांबतो तसा.

शनिवारी तिचा फोन येतो.
तिच्याकडे सकाळचे दहा, आमच्याकडे साडेसहा.
"काय केलंत?"
"जरा फिरून आलो."
"फाइव्ह गार्डन्सला?"
"हं."
हेमलता कणीक मळता मळता माझ्याकडे बघते.

मग चारुता सांगते, चावी हरवली,
खालच्या दोना इव्होने रोज दार उघडून देतात
आणि रोज थोडं जास्त सुस्कारतात.
दुसरी कुठे करून मिळते ते
विचारायला जीभ वळत नाही अजून.

"दारातून उजवीकडे," मी म्हणतो,
"दुसऱ्या वळणाला डावी घे. पावाच्या दुकानाला लागून.
निळं शटर."

हेमलताचे हात कणकेतच थांबतात.
तिकडूनही काही नाही.

"म्हणजे, होतं," मी म्हणतो. "असेलच असं नाही."

"थांबा बाबा, ठेवू नका."
जिने. सवयीनं मोजतो.
बारा, वळण, बारा, वळण, नऊ.
मग एकदम रस्ता कानात शिरतो.
इतक्या रात्री हिंडलो, आवाज नव्हता तिथे.
कुणीतरी काहीतरी ओरडून विकतंय,
कुत्रं भुंकतंय, तांबडंच असेल,
आणि बस थांबते, दाराचा तो फुस्स.

"हवा कमी आहे हिच्यात," मी म्हणतो.
"काय?"
"काही नाही. चला, पुढे चला."