मोडलेला कान

मिरजेत, एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर
मी लोकांच्या बरगड्यांमधून आत टकटक करते.
यंत्र एक ठोका पाठवतं,
तो यकृतातून किती वेगानं पळतो ते मोजतं.
मऊ असेल तिथं रमतगमत,
टणक असेल तिथं सुसाट.
दहा ठोके. दुखत नाही. एवढंच माझं काम.

आज आदगोंडा मगदूम, समडोळीचे, वय एकसष्ट.
उजवा हात डोक्याखाली घ्या म्हटलं
तर असा घेतला
की अजून कुणीतरी समोर वाकून उभं आहे.

"दारूचा थेंब न्हाई," आडवे होण्याआधीच म्हणाले.
"अंडं शिवलं न्हाई. दिवस मावळला की जेवण बंद.
दूध, तूप, लोणी, बदाम.
मग हे बिघडलंच कशानं?"

कुस्ती सुटली गुडघ्यापायी, अठ्ठ्याण्णव साली.
खुराक सुटला नाही.
म्हशी त्याच, चरवी तीच,
भाकरीवर लोण्याचा गोळा तेवढाच,
वाढणारी बायको तीच.
कमी वाढलं तर पैलवानाचं घर कसलं!
फक्त ते सगळं जिरवणारा माणूस
पहाटे चारला उठायचा थांबला होता.

समजावणं माझं काम नाही. डॉक्टर सांगतील.
पण त्यांनी विचारलं, आणि जेल पुसता पुसता
मी बोलून गेले.

इन्सुलिन म्हणजे समजा एक गडी.
साखरेला धरून पेशीत न्यायचं, हे त्याचं काम.
पण तुमच्या पेशी आतून तुपकट झाल्यात,
पकड बसत नाही.
म्हणून शरीर दुसरा गडी पाठवतं, तिसरा, दहावा,
हौद्यात नुसती दाटी,
आणि साखर बाहेरच उभी, अंगाला माती न लागता.

ते हसले. "तेल लावलेला गडी
आमच्यात बी कुणाला गावायचा न्हाई."

मग दुसरं सांगायचं राहिलं.
शब्द सापडेना.
समोर त्यांचा डावा कान होता,
मोडलेला, मुडपलेला, सुपारीसारखा घट्ट.
"हात लावू का?"
म्हणाले, "लाव की. कमाई हाय ती."

मी दाबून पाहिला. दबला नाही.
हा किती वेळा सुजला असेल, मामा?
दर वेळी शरीरानं आत धागा भरला,
धाग्यावर धागा,
चांगल्या मनानंच.
तुमच्या यकृतातही तसंच चाललंय.
चरबीनं पेशी फुगते, धुमसते, मरते,
तिथं एक टाका पडतो.
बरं होणंच फार झालंय आत.

बराच वेळ गप्प. पंखा फिरत होता.
हात कानाकडे गेला, मग बरगडीकडे,
जणू दोन्हीकडची ओळख पटवत होते.

"तालमीतली माती," ते म्हणाले,
"ताक, हळद, लिंबू घालून जपायची.
पर रोज उकरली न्हाई
तर एका उन्हाळ्यात फरशी हुती.
आमच्या गावचा हौदा बघ. आठ वर्सं झाली,
पोरं त्यात मोटारसायकली लावत्यात."
आणि मग, हलकेच,
"उकरली तर परत मऊ हुती का गं?"

आकडा नऊ पॉइंट आठ होता.
सिमेंट नाही, पण लोणीही नाही.
"पूर्ण होईल असं नाही सांगत," मी म्हटलं.
"पण फावडं अजून लागेल."

सदऱ्याची बटणं त्यांनी खालून वर लावली.
पिशवीतून डबा काढला,
चाचणीसाठी तीन तास उपाशी होते.
भाकरी, मिरचीचा खर्डा,
आणि झाकणाची एक छोटी स्टीलची डबी.
ती माझ्या टेबलावर सरकवली.
"तू खा. वाळलीयास पार."
आणि जिन्यानं खाली गेले,
एकेक पायरी, दुखरा गुडघा पुढं.

दुपारी दोन ते तीन यंत्र मोकळं असतं.
मी दिवसभर बसून असते,
संध्याकाळी स्टँडवरची भजी.
प्रोब अजून कधी स्वतःवर ठेवून पाहिलेला नाही.

डबीतलं लोणी कडेनं वितळायला लागलं होतं.