जोडे

चर्च बंदराकडे पाठ करून उभं आहे.
चाच्यांच्या काळात बांधलेलं, म्हणून खिडक्या बोटभर,
आणि घंटा भूकंपात तडकली तेव्हापासून
खोकल्यासारखी वाजते.
लेरोनिसी बेटावर त्या खोकल्याची सवय आहे;
घरातलं वडीलधारं माणूस जागं झाल्याची खूण.

आत चांदीच्या पेटीत संत अकाकिओस झोपलेला असतो.
असतो म्हणजे दिवसा.
रात्री उठतो, पाण्यावरून चालत जातो,
वाट चुकलेल्या होड्यांना कान धरून परत आणतो.
जगात इतरत्र माणसं देवाच्या दारी जोडे झिजवतात,
इथे संतच माणसांपायी झिजवतो,
असं म्हातारे सांगतात, जरा तोऱ्यातच.

म्हणून दर नोव्हेंबरात नवे जोडे.
लाल मखमल, कडेला जर, तळ बकऱ्याच्या कातड्याचा.
जुने पाद्री उंच धरून दाखवतो:
पाहा, टाच गेली. पाहा, अंगठ्याशी भोक.
मग बायका उकडलेल्या गव्हात डाळिंबाचे दाणे कालवतात,
आणि जुन्या जोड्यांचे नखाएवढे तुकडे होतात:
एक नव्या होडीच्या नाळेत, एक पाळण्याला,
एक मेलबर्नच्या पाकिटात.

केरासियाच्या घराण्याकडे हे काम सात पिढ्या.
बाप प्रोकोपिस जाताना म्हणाला होता,
सुई हाडाच्या डबीत आहे,
आणि वज्री शेगडीमागे.
वज्री कशाला, तिनं विचारलं नाही.
सणाआधीच्या रात्री मागच्या दाराची किल्ली घेऊन,
दिवा न लावता, चाचपडत,
तिनंही वीस वर्षं तळ घासले.
डाव्या टाचेला जास्त,
कारण बाप म्हणायचा, संत डावीकडे झुकून चालतो.
पाप वाटलं नाही. गालिचा झटकावा तसं ते काम होतं.

या फेब्रुवारीत तिचा भाऊ थ्रासोस
जाळी टाकायला गेला तो गेला.
नऊ रात्री ती कंदील घेऊन किनाऱ्यावर,
खडकांवर बूट घसरतात म्हणून अनवाणी.
दहाव्या दिवशी एक वल्हं आलं.

नोव्हेंबरात तिनं जोडे शिवले, ठरल्याप्रमाणे.
वज्री मात्र शेगडीमागेच राहिली.
बघू दे सगळ्यांना, कोण किती चालतो ते.

पाद्र्यानं जुने जोडे उंच धरले
आणि हात तसाच राहिला.
कोरे. तळावरची खडूची खूणसुद्धा शाबूत.
एक मूल हसलं, त्याला कुणीतरी चिमटा काढला.
केरासिया खांबाशी उभी, हनुवटी वर.

तेव्हा मागून आसिमिना म्हातारी बोलली,
जिचे दोन मुलगे त्याच पाण्यात आहेत:
"कसे झिजतील? यंदा तो अनवाणीच धावला.
पोरगं बुडतंय म्हटल्यावर
जोडे घालायला कोण थांबतं?"

आणि मग, थोड्या वेळानं:
"पोचला नाही बिचारा."

घंटा खोकली.
दरवर्षी पाद्रीच जोडे चढवतो,
यंदा त्यानं केरासियाला पुढे बोलावलं.
ते पाय, जुन्या ऑलिव्हच्या लाकडासारखे काळे.
तिनं आधी तळवे पाहिले.
काय दिसलं ते कुणाला सांगितलं नाही.

रात्री तिनं शेगडीमागची वज्री काढली,
पाणी कोमट केलं,
आणि स्वतःच्या टाचांच्या भेगा घासत बसली,
फेब्रुवारीतल्या, अजून न भरलेल्या.
डावी जरा जास्त.