मेबलच्या पोटातला वारा

रात्री अडीचला पुन्हा सरला तुझा वारा, मेबल.
आवाज नाही, नुसता वास,
शिळ्या कोबीचा, ओल्या तळघराचा,
वर चिमूटभर गंधक.
मी उठलो, खिडकी वर सरकवली,
विलेनहॉलची फेब्रुवारी आत घेतली.
तू वळून स्वतःच्याच ढुंगणाकडे पाहिलंस,
हे कुणी केलं, अशा चेहऱ्यानं.

बुधवारी मीटर बघायला आलेला पोरगा
आकडा न लिहिताच गेला.
चर्चमधल्या मिसेस पर्सहाउस
अर्धा चहा ठेवून उठल्या,
म्हणाल्या, ओव्हनमध्ये केक आहे.
त्यांना केक जमत नाही,
हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.

मग तुला डॉक्टर अडेयेमीकडे नेलं.
तिनं तुझं पोट वाजवून पाहिलं,
कलिंगड घेताना वाजवतात तसं.
"नाक चपटं, जबडा पुढं,
ही घासापेक्षा हवाच जास्त गिळते.
थोडं थोडं द्या, सावकाश खाऊ द्या.
आणि पोट टणक झालं, उमाळे येऊन ओकारी होईना,
तर मध्यरात्र असली तरी फोन करा.
सकाळची वाट बघू नका."
मग पेन उचललं. "खाते काय?"

तुझं कोरडं खाणं, म्हणालो. वाटीभर. दोनदा.
"आणखी?"

चाळीस वर्षं कुलपं केली मी.
किल्ली नेमकी खाचेत बसली
की आतला खटका कसा उचलतो,
ते मला बोटांना कळतं.

आणखी एक जेवण, म्हणालो.
सॉसेज, मटार, कोबी,
रविवारी वर चीजचा सॉस.
"कुणाचं जेवण?"

बेरिलचं.

ऑक्टोबरपासून बटाटे दोघांचेच सोलले जातात.
हात सोलतात, मी नाही.
दोन प्लेटा समोरासमोर,
समोरची गार होते,
आणि अन्न टाकलं असतं तर
ती मला काय काय बोलली असती!
म्हणून प्लेट खाली, तुझ्यापुढं.
तू कधी नको म्हणाली नाहीस.
हावरटपणा होता तो, की माझी सोय बघत होतीस,
तुझं तुलाच माहीत.

डॉक्टरनं काही लिहिलं नाही.
पेनाला टोपण लावलं.
"कोबी बंद," म्हणाली. "चीज बंद."
जरा थांबून, हळूच,
"मटारसुद्धा."

आता तुझ्या भांड्यात मधोमध
पितळेची दाराची मूठ असते,
जुन्या बँकेच्या दाराची,
तुझ्या जबड्यात न मावणारी.
तिच्याभोवती जीभ फिरवत, फुरफुरत,
तू एकेक दाणा शोधून खातेस.
दीड मिनिटाचं जेवण आता अकरा मिनिटं चालतं.
मी घड्याळ लावून बसतो.
मलाही तेवढाच वेळ लागतो हल्ली,
एका प्लेटीला.

मग थोडं थांबून कालव्यापर्यंत,
म्हाताऱ्यांच्या चालीनं.
तू प्रत्येक बदकाला नाव ठेवतेस.
मी कुणाला सांगत नाही
की काल बटाटे पुन्हा जास्त सोलले.
तुला दिले नाहीत, हे लक्षात ठेव.

रात्री शेगडीपुढं तुला आडवी करून
पोटावर हात फिरवतो,
किल्ली उजवीकडं फिरवावी तसा, गोल, न दाबता.
कानशीनं घट्टे पडलेला हात,
तुला खरखरीत लागत असेल.
एक पाय हवेत, डोळे अर्धे मिटलेले,
आत कुठंतरी पाणी उकळल्याचा आवाज,
मग गप्प.
मग बारीकसं, शिट्टीसारखं, लांबलचक,
सुटलं एकदाचं.

बेरिल म्हणायची (तुला नाही, मला),
आत राहण्यापेक्षा बाहेर बरं.
मी ते मोठ्यानं म्हटलं.
खोलीत या वर्षी पहिल्यांदाच
तिचं वाक्य कुणी बोललं.

तू शेपटीचा बुडखा हलवलास.
मी बराच वेळ तसाच बसलो.

मग नाक धरून खिडकी उघडली.